रायझन ५ ५६०० : पहिला गेमिंग पीसी घरी असेंबल करताय तर हाच घ्या

पहिल्यांदाच घरी गेमिंग पीसी असेंबल करताय आणि बजेट मध्यम आहे ना, मग एएमडीचा रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर घ्या आणि बाकीचे पार्ट त्याच्या हिशोबाने निवडा. आमच्या भाच्यासाठी नाशिकच्या इंदिरानगरला घरीच आम्ही मामा-भाच्यांनी हाच टाकून मशीन उभं केलंय, तो व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो, कॉलेजचं कोडिंगपण त्याच्यावरच, आणि मला हा प्रोसेसर मनापासून आवडलाय.

२०२२ च्या एप्रिलमधे आलेला, ६ कोर १२ थ्रेड, ६५ वॉटचा. जुना झालाय हे खरंय पण पहिल्या बिल्डला तेच बरं पडतं, कारण एएम४ सॉकेटचे (म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेचे) मदरबोर्ड स्वस्तातले पण चांगले असतात आणि रॅम डीडीआर४ लागते जी घरात किंवा मित्राकडे पडलेली असू शकते. एएम५ या नव्या सॉकेटवर गेलात तर डीडीआर५ शिवाय पर्याय नाही, जुनी रॅम त्यात बसतच नाही, खाचच वेगळ्या जागी असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नावं नीट वाचा. ५५००, ५६००जी, ५६०० हे तीन काउंटरवर शेजारी शेजारी असतात आणि "सेमच आहे, हा घेऊन जा" असं सांगणारे भेटतात. सेम नाहीये! ५६०० मधे ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, बाकी दोघांत १६. शिवाय ५६०० ला पीसीआयई ४ (प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डमधला डेटाचा रस्ता) मिळतं, त्या दोघांना ३ च. आता तुम्ही म्हणाल याने काय होतं, तर आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० सारखी ग्राफिक्स कार्डं त्या रस्त्याच्या १६ ऐवजी ८ च लेन वापरतात, त्यामुळे पीसीआयई ३ वर त्यांचा रस्ता निम्मा होतो आणि कार्डची ८ जीबी मेमरी भरली की गेम अडकत अडकत चालतो. म्हणून बोर्डपण बी५५० घ्या, ए५२० वर परत पीसीआयई ३ च आहे. बी४५० स्वस्तात मिळत असेल तर तोही पीसीआयई ३ वालाच आणि वर बायोस (मशीन चालू करणारं बोर्डमधलं सॉफ्टवेअर) अपडेट आहे का ते दुकानातच चालू करून बघायला लावा, जुन्या बायोसवर ५६०० डिस्प्लेच देत नाही. काही बोर्डवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं, तसा असेल तर प्रोसेसर न लावतापण पेनड्राइव्हवरून अपडेट होतो.

५६००जी ला नावं ठेवत नाहीये मी. ग्राफिक्स कार्ड सहा महिन्यांनी घ्यायचं असेल तर जी च घ्यावा लागेल, कारण साध्या ५६०० मधे ग्राफिक्स नाहीच. बोर्डवर एचडीएमआय पोर्ट दिसतो, त्यात वायर घातली तर स्क्रीन काळीच राहणार, वायर कार्डमधेच लावायची.

५६०० सोबत रेथ स्टेल्थ कूलर (प्रोसेसर गार ठेवणारा पंखा) येतो. तो लावण्याआधी बोर्डवरचे प्लॅस्टिकचे दोन ब्रॅकेट काढायचे पण मागची लोखंडी प्लेट हाताने धरून ठेवायची, नाहीतर ती खाली पडते. चार स्क्रू कर्णात थोडे थोडे आवळायचे, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही. कूलर छोटा आहे, नाशिकच्या एप्रिल-मेच्या दुपारी गेम चालू असला की पंख्याचा आवाज जाणवतो, पण ६५ वॉटच्या प्रोसेसरला पुरतो, वेगळा कूलर पहिल्या दिवशी घ्यायची गरज मला वाटत नाही. पुढे कधी काढलात तर आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करा आणि कूलर हळूच फिरवून सोडवा, सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून बाहेर येतो आणि एएम४ ला पिना प्रोसेसरलाच असतात.

रॅम ८ + ८ घ्या, एकच १६ ची नको, ३२०० स्पीड. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा. बायोसमधे एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारी सेटिंग) ऑन करा, नाहीतर कमी स्पीडवरच चालत राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

पैसे वाचवायचे तर कॅबिनेटमधे वाचवा, आरजीबी लाइटमधे वाचवा, पॉवर सप्लायमधे अजिबात नको. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस (म्हणजे पॉवर सप्लायच) परत द्या. प्रोसेसर ६५ वॉट, आरएक्स ६६०० १३२ वॉट, म्हणजे चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा आरामात पुरतो, आणि पावसाळ्यात लाइट जा-ये करते तेव्हा स्वस्तातल्या एसएमपीएसवर एवढं महागाचं कार्ड सोडायची माझी तरी हिंमत नाही. ८० प्लस ब्रॉन्झ लिहिलंय म्हणून डोळे झाकून घेऊ नका, तो शिक्का फक्त वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो.

कमतरता म्हणाल तर एकच, एएम४ चा रस्ता आता संपत आलाय. वाढवायचं तर त्याच बी५५० वर ५८००एक्स३डी सारखा प्रोसेसर बसतो, त्यापुढे मात्र बोर्ड आणि रॅम दोन्ही बदलावे लागतील. आणि घेताना बॉक्सवालाच मागा, ट्रेवाला (बॉक्सशिवाय सुटा) थोडा स्वस्त मिळतो पण त्यात कूलर नसतो आणि एएमडीची ३ वर्षांची वॉरंटीपण नाही, बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि जीएसटीचं पक्कं बिलच घ्या.