जेम्स वेब दुर्बीण : न दिसणाऱ्या यंत्राचे परीक्षण

कोणतेही महागडे यंत्र घेतले की आपण आधी ते हाताळून, उलटसुलट करून पाहतो. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या बाबतीत ती सोय नाही. २५ डिसेंबर २०२१ रोजी, शनिवारी, भारतीय वेळेनुसार सायंकाळी ५ वाजून ५० मिनिटांनी फ्रेंच गयानातील कुरू येथून आरियान-५ अग्निबाण तिला घेऊन निघाला आणि सुमारे २७ मिनिटांनी ती त्याच्यापासून सुटी झाली. अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यावरील कॅमेऱ्यातून ती दूर जाताना मी थेट प्रक्षेपणात पाहिली. काळ्या आकाशात चंदेरी गाठोड्यासारखी ती सरकत गेली आणि थोड्याच वेळात तिच्या कडेची सौरपट्टी घडी उलगडून उन्हात लखलखली. त्यानंतर ती इतक्या जवळून कोणालाही दिसलेली नाही.

याचे कारण असे की, स्वतःकडे पाहणारा कॅमेराच दुर्बिणीवर बसवलेला नाही. प्रथमदर्शनी ही मोठी उणीव वाटते आणि मलाही ती बराच काळ खटकत होती. परंतु अभियंत्यांचा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. उन्हाकडची बाजू इतकी चकाकते की तेथील छायाचित्रांवर प्रकाशाची तिरीपच उमटली असती. आरशाकडची बाजू कायमच्या अंधारात आहे आणि ही दुर्बीण डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात पाहत असल्याने ती गारच राहायला हवी; तेथे दिवा लावायचा तर त्याची उष्णता आलीच, आणि प्रत्येक कॅमेऱ्यामागे आणखी तारा गारठ्यात ओढून न्याव्या लागल्या असत्या. त्यामुळे यंत्र नीट उघडले की नाही हे तापमान, वीजप्रवाह, मोटारींचे फेरे आणि लहानसहान कळांच्या संकेतांवरूनच ओळखायचे होते. पहिल्या सात महिन्यांचे माझे हे परीक्षणही बहुतांशी त्याच आकड्यांवर उभे आहे.

आधी तक्रारीचा भाग. प्रारंभीच्या आराखड्यात प्रक्षेपणाचे वर्ष २००७ होते आणि खर्चाचा अंदाज ५० ते १०० कोटी डॉलरांच्या दरम्यानचा होता. प्रत्यक्षात दुर्बीण निघाली २०२१ च्या नाताळात आणि खर्च गेला १,००० कोटी डॉलरांच्या घरात. २०१८ मध्ये चाचण्यांच्या वेळी तिच्या सूर्यपडद्याच्या (ऊन अडवून आरसा गार ठेवणाऱ्या पडद्याच्या) आवरणाचे स्क्रू आणि वॉशर निघून आले होते. इतक्या किमतीच्या वस्तूत हे घडावे, याचे समर्थन कोणत्याही शब्दांत होत नाही. ‘अवघड काम होते’ हे उत्तर विलंबाच्या काही भागाला लागू पडते, सैल स्क्रूंना नव्हे.

मात्र काम अवघड होते हेही खरेच. मुख्य आरसा ६.५ मीटर व्यासाचा, तर अग्निबाणाच्या टोपीचा बाहेरचा व्यास ५.४ मीटर, म्हणजे सगळा पसारा घडी घालूनच न्यावा लागणार होता. तो पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरील दुसऱ्या लग्रांज बिंदूकडे (जेथे सूर्य आणि पृथ्वी यांच्या एकत्रित ओढीमुळे यान पृथ्वीसोबतच सूर्याभोवती फिरत राहते) जाताना वाटेतच, कोणाचाही हात न लागता उलगडणार होता. एकटीच बिघडली तरी मोहीम बुडवू शकेल अशी ३४४ ठिकाणे या यंत्रात मोजलेली होती. १९९० मध्ये सोडलेल्या हबल दुर्बिणीच्या आरशात दोष निघाला, तेव्हा १९९३ मध्ये अंतराळवीरांना पाठवून तो सुधारता आला. येथे तशी ‘विक्रीपश्चात सेवा’ नव्हती.

माझ्या मते सर्वांत कसोटीचे काम सूर्यपडद्याचे होते. टेनिसच्या मैदानाएवढा, पाच पदरी, कॅप्टॉन नावाच्या प्लास्टिकच्या अतितलम पापुद्र्यांचा हा पडदा १०७ पिनांनी बांधून ठेवलेला होता. ३१ डिसेंबरला बाजूचे दांडे पसरण्याआधी आवरण गुंडाळले गेल्याचा संकेत देणाऱ्या कळांनी अपेक्षित उत्तर दिले नाही. कॅमेरा असता तर नजर टाकून शंका फिटली असती. तो नसल्याने पथकाने तापमानमापकांची आणि यानाचे हलणे नोंदवणाऱ्या उपकरणांची आकडेवारी ताडून पाहिली, आवरण सरकले आहे असा निष्कर्ष काढला आणि रात्रीपर्यंत दोन्ही दांडे बाहेर काढले. पुढच्या दोन दिवसांत मात्र घाई केली नाही. सौरपट्ट्यांच्या वीजपुरवठ्याचा मेळ पुन्हा बसवला, ताण देणाऱ्या मोटारी अपेक्षेपेक्षा गरम आढळल्या म्हणून यानाचा कल बदलून त्यांना थंड होऊ दिले आणि मगच पदर ताणायला घेतले. ४ जानेवारी २०२२ रोजी पाचही पदर ताठ झाले. सुट्टीच्या दिवसांत, जगाचे डोळे लागलेले असताना, दोन दिवस थांबण्याचा हा निर्णय मला या मोहिमेतील सर्वांत उत्तम कारागिरी वाटतो. त्याचे फळ आकड्यांत दिसते : पडद्याची उन्हाकडची बाजू सुमारे ८५ अंश सेल्सियस, तर सावलीकडची सुमारे उणे २३३.

दुय्यम आरसा ५ जानेवारीला आणि मुख्य आरशाचे दोन्ही पंख ८ जानेवारीपर्यंत जागेवर आले. त्यानंतर बेरिलियमच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या १८ षट्कोनी तुकड्यांना प्रवासातील आधारांवरून १२.५ मिलिमीटर पुढे आणण्याचे काम दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने चालले. २४ जानेवारीला सुमारे पाच मिनिटांच्या शेवटच्या ज्वलनाने दुर्बीण आपल्या कक्षेत शिरली. आरियानची नेमही वाखाणण्यासारखी : मार्गदुरुस्तीसाठी राखलेल्या इंधनाची इतकी बचत झाली की, दहा वर्षांचे उद्दिष्ट असलेली दुर्बीण वीस वर्षे चालण्याइतके इंधन टाकीत उरले.

११ फेब्रुवारीला प्रसिद्ध झालेले पहिले छायाचित्र सुंदर म्हणता येणार नाही. सप्तर्षी तारकासमूहातील एचडी ८४४०६ हा एकच तारा त्यात अठरा ठिकाणी, विखुरलेल्या पुसट ठिपक्यांच्या रूपात दिसतो, कारण प्रत्येक तुकडा स्वतंत्र आरसा असल्यासारखा भलतीकडे पाहत होता. त्याच दिवशी आणखी एक छायाचित्र आले. कॅमेऱ्यातील एका खास भिंगामुळे दुर्बिणीने आपलाच आरसा टिपला होता : करडे षट्कोन आणि त्यांत ताऱ्याकडे बरोबर रोखलेला एकच तुकडा पांढराशुभ्र. ज्या यंत्राला आपण पाहू शकत नाही, त्याने स्वतःला दाखवल्यावर माझी कॅमेऱ्याची तक्रार बरीचशी विरली. मार्चमध्ये अठरा तुकडे एकाच आरशासारखे काम करू लागले आणि एप्रिलअखेर सर्व उपकरणांची जुळणी पूर्ण झाली.

दोष मे महिन्यात दिसला. अंदाजापेक्षा मोठा एक सूक्ष्म उल्कापाषाण आरशाच्या एका तुकड्यावर आदळला आणि त्याचा काही भाग कायमचा बिघडला. एकूण कामगिरीवर परिणाम अल्प असला, तरी उघडा आरसा हा या रचनेचा मूळ सौदा आहे. हबलप्रमाणे नळीचे संरक्षण येथे नाही. ठळक ताऱ्यांभोवती उमटणाऱ्या सहा मोठ्या आणि दोन लहान किरणरेषाही या रचनेतूनच येतात. काहींना त्या शोभिवंत वाटतात. मला त्या गर्दीच्या आकाशात त्रासदायक वाटतात.

१२ जुलैला भारतात रात्री आठ वाजता मुख्य छायाचित्रे आली. कॅरिना तेजोमेघाचे ‘डोंगर’ सर्वांना आवडले, पण यंत्राचा दर्जा एसएमएसीएस ०७२३ या दीर्घिकासमूहाच्या छायाचित्रात कळतो. हात लांब करून धरलेल्या वाळूच्या कणामागे झाकला जाईल एवढ्या आकाशात हजारो दीर्घिका, आणि तेही केवळ साडेबारा तासांच्या निरीक्षणात. हबलला अशा खोल निरीक्षणासाठी आठवडे लागत.

सर्वसामान्य वापरकर्त्याला या सेवेत सर्वांत मोलाचे काय, तर मूळ नोंदी. त्या दिवशी दाखवलेल्या छायाचित्रांच्या मूळ फाइली लगेच सर्वांसाठी खुल्या झाल्या. मी माझ्या साध्या लॅपटॉपवर एक उतरवून घेतली आणि पडद्यावर निखळ काळोख आला. फाइल बिघडली असे वाटून ती पुन्हा उतरवली, तरी तेच. बिघाड फाइलमध्ये नव्हता : उजेड आणि अंधार यांतील अंतर इतके मोठे असते की, मापनी लघुगणकी केल्याशिवाय, म्हणजे मंद उजेडातील फरक ताणून दाखवल्याशिवाय, मंद भाग उठूनच येत नाही. मापनी बदलताच धुके उगवले, पण ठळक ताऱ्यांच्या मध्यभागी काळी छिद्रे राहिली, कारण तेथे शोधक (प्रकाश टिपणारा संवेदक) प्रकाशाने ओसंडून गेला होता. प्रसिद्ध छायाचित्रांत ही छिद्रे भरलेली असतात आणि रंगही, मूळ प्रकाश अवरक्त असल्याने, तरंगलांबीनुसार नेमून दिलेले असतात. हे फसवणुकीचे नाही, पण छायाचित्राशेजारीच ठळक अक्षरांत सांगायला हवे होते.

या खुल्या साठ्याचा उपयोग केवळ हौशी लोकांनाच होतो असे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी वेबच्या नोंदींतूनच महास्फोटानंतर सुमारे दीड अब्ज वर्षांनी घडलेली सुबक सर्पिल दीर्घिका शोधली आणि तिला ‘अलकनंदा’ हे नाव दिले. ज्यांना स्वतः सुरुवात करायची आहे, त्यांनी कॅरिनाच्या अवाढव्य फाइलीऐवजी दक्षिण कंकण तेजोमेघाची लहान फाइल घ्यावी, आणि काळा पडदा दिसला तर ती पुन्हा उतरवण्याआधी मापनी बदलून पाहावी.