‘ताई, ओपन फाइल तेवढी पाठवा’

मी पुण्यात घरूनच डिझाइनची कामं करते. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी भांड्यांच्या एका दुकानाने काम दिलं. पाककृतींचं पुस्तक आणि मालाचा कॅटलॉग, दोन्ही एकत्र. ११२ पानं, म्हणजे छपाईचे सोळा-सोळा पानांचे सात फॉर्म. कल्पना खरंच छान होती. डाव्या पानावर उकडीचे मोदक, उजवीकडे मोदकपात्र. चकलीसमोर सोऱ्या, अप्प्यांसमोर बिडाचं अप्पेपात्र. ठरले ८५ हजार, हातात आले १० हजार. "बाकीचे छपाईला जाताना देतो, ताई. आपण काय परके आहोत का?" वर्क ऑर्डर नाही, करार नाही, सगळं व्हॉट्सॲपवर. पहिली माती मी इथेच खाल्ली.

कामात मात्र जीव ओतला. ३८ पाककृती मीच लिहिल्या, कारण त्यांच्या मजकुरात ‘मीठ चवीनुसार’ सोडून कशाचंच प्रमाण नव्हतं. फोटो आमच्याच ओट्यावर काढले. पुरणयंत्र फिरवणारा हात आईचा, अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना डाग असलेला. ताकाच्या कढीसाठी त्यांनी चकचकीत पितळी पातेलं पाठवलं होतं. फोटो बघताच आई म्हणाली, "अगं, याला कल्हई कुठंय?" बिनकल्हईच्या पितळेत आंबट कळकतं, हे भांडी विकणाऱ्याला मी सांगायचं! फोटो नंतर बदलू म्हणून त्या पानावर पिवळी खूण करून ठेवली.

मग एका रात्री साडेदहाला फोन. "ताई, पितळेचा भाव रोज हलतोय. किमती प्रेसमध्येच बदलून घेऊ, उद्या प्लेटा काढायच्यात. पीडीएफ नको, ओपन फाइल तेवढी पाठवा."

ओपन फाइल म्हणजे कुणालाही हवे ते बदल करता येतात ती मूळ फाइल. कारण अगदी पटण्यासारखं होतं, म्हणूनच फसले. खरं तर दरपत्रक चार पानांचं वेगळं छापून पुस्तकात सरकवायचं असतं. भाव बदलला की तेवढंच पुन्हा छापायचं, पुस्तकाच्या फाइलला हात लावायचा प्रश्नच येत नाही. हे तेव्हा सुचवलं असतं, तर ते काय उत्तर देतात त्यावरून माणूस तरी कळला असता. मी मुकाट्याने इनडिझाइनचं पॅकेज, म्हणजे मांडणीची मूळ फाइल फोटो-फॉन्टसकट, ड्राइव्हवर चढवलं.

तीन दिवसांनी मेसेज आला. "पार्टनरला पसंत पडलं नाही. थांबवू या. ॲडव्हान्स राहू द्या तुमच्याकडेच." मोठेपणा बघा.

दिवाळीत शेजारच्या काकूंनी हौसेने एक पुस्तक दाखवायला आणलं, चकलीच्या सोऱ्यावर फुकट मिळालेलं. मुखपृष्ठ नवं, आत सगळं माझं. आईचा हात डागासकट. मांडणी म्हणून नाव प्रेसचं. आणि पान ४६ वर कढी, त्याच बिनकल्हईच्या पातेल्यात!

वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, म्हणजे मजकूर आणि मांडणी माझीच. पण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंची मालकी, वेगळं काही ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जाते. नुसत्या जिनसांच्या यादीवर तर कुणाचाच हक्क नसतो. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. ऐकून मी खूश झाले, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "उद्यम नोंदणी कधीची?" लघुउद्योग म्हणून सरकारकडे करायची ती नोंदणी. नव्हतीच. काम झाल्यावर केलेली नोंदणी जुन्या थकलेल्या पैशांना लावायची म्हणजे वाद आलाच, म्हणाले. नोटीस पाठवली, उत्तर नाही. ७५ हजारांसाठी कोर्टात किती वर्षं जाणार?

आता नोंदणी आहे. निम्मे पैसे आधी घेते. प्रूफ जातं ते कमी रेझोल्यूशनचं, पानभर तिरकं ‘नमुना’ लिहिलेलं. ओपन फाइलचा दर वेगळा, आणि तीही सगळे पैसे खात्यात जमा झाल्यावरच.

गेल्या महिन्यात त्याच नंबरवरून फोन आला. "ताई, दुसरी आवृत्ती काढतोय. एका गिऱ्हाइकाची कढी कळकली म्हणे, लई बोलल्या. ते एक पान जरा बदलून द्याल का?"

मी म्हटलं, "७५ हजार आणि वर या पानाचे."

फोन कट झाला.