पक्की शाई, अल्प मुदत

मतदाराच्या बोटाला लावली जाणारी शाई ‘म्हैसूर पेंट्स अँड वार्निश’ या आपल्याच कर्नाटक सरकारच्या कंपनीत तयार होते. १९६२ पासून निवडणुकांत वापरली जाणारी ही वस्तू दुकानात मिळत नाही. तरीही २०१८ ते २०२४ या काळात विधानसभेच्या दोन, लोकसभेच्या दोन आणि खासदार सुरेश अंगडी यांच्या निधनानंतरची एक पोटनिवडणूक पाहिलेल्या बेळगावच्या मतदाराला तिचे गुणदोष सांगण्याचा अधिकार नक्कीच आहे.

टिकाऊपणाबद्दल तक्रारीला जागा नाही. शाईतील सिल्व्हर नायट्रेट उजेडात काळे पडते. कातडीवरचा डाग काही दिवसांत फिका होतो, नखावरचा मात्र नख वाढून कापले जाईपर्यंत हटत नाही. लावणाऱ्याचा हात सढळ असला की ओघळ येतो, म्हणून वाळेपर्यंत बोट पांढऱ्या सदऱ्यापासून दूर ठेवावे. त्यासाठी अर्धा गुण कापून पाचपैकी साडेचार.

इतकी पक्की शाई किती अल्पायुषी निकालासाठी खर्ची पडू शकते, हे मात्र २०१८ मध्ये दिसले. खासदार येडियुरप्पा, श्रीरामुलू आणि पुट्टराजू विधानसभेवर गेल्याने शिमोगा, बळ्ळारी आणि मंड्या या लोकसभेच्या जागा मे महिन्यात रिकाम्या झाल्या. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१अ नुसार रिक्त जागा सहा महिन्यांत भरावी लागते आणि सभागृहाची मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर सूट मिळते. लोकसभेची मुदत ३ जून २०१९ पर्यंत असल्याने केवळ काही दिवसांच्या फरकाने कर्नाटकात ३ नोव्हेंबरला मतदान घ्यावे लागले, तर जूनमध्ये रिकाम्या झालेल्या आंध्र प्रदेशातील पाच जागा तशाच राहिल्या. मंड्यातून शिवरामेगौडा तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले, पण १८ एप्रिल २०१९ रोजी तेथे पुन्हा मतदान झाले तेव्हा त्यांना उमेदवारीसुद्धा नव्हती. बळ्ळारीत पोटनिवडणूक जिंकलेले उग्रप्पा २०१९ मध्ये पराभूत झाले. तिघांपैकी शिमोग्याचे राघवेंद्र तेवढे टिकले. हळू नखे वाढणाऱ्या एखाद्या मतदाराच्या बोटावर आधीच्या ठिपक्याची कड त्या वेळीही उरली असेल!

हा दोष शाईचा नाही. सूट देताना उरलेली मुदत जागा रिकामी झाल्याच्या दिवसापासून न मोजता मतदानाच्या दिवसापासून मोजावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बेळगावात १७ एप्रिल २०२१ रोजी मतदान झाले आणि मंगला अंगडी ५,२४० मतांनी निवडून आल्या, तेव्हा लोकसभेची तीन वर्षे शिल्लक होती; तेथे ही शाई सत्कारणी लागली.