बेळगावात आईसाठी घेतलेली सोबतीची सेवा: चार फेऱ्यांनंतर

माझ्या आईचे वय 81 आहे. गुडघ्यांत आणि कमरेत जोर उरलेला नाही, आणि टिळकवाडीतल्या घराच्या व्हरांड्यापलीकडे, दवाखाना सोडला तर, ती दीड वर्ष गेलेली नव्हती. मी पुण्याला नोकरी करते आणि महिन्यातून दोन दिवस बेळगावला येते. ते दोन्ही दिवस बँक, औषधे आणि तपासण्या यांतच संपतात. म्हणून दिवाळीनंतर शहरातल्या एका लहान सेवेकडून ठरावीक सकाळींपुरती सोबतीची बाई घेतली. तिचे काम शुश्रूषेचे नाही. इंजेक्शन, मलमपट्टी, अंघोळ यांपैकी काहीही ती करत नाही. आईला बाहेर नेणे, तिच्याबरोबर असणे आणि सुखरूप घरी आणणे, एवढेच तिच्याकडे असते. चार तासांचे सहाशे रुपये आणि गाडीभाडे वेगळे, असा दर आम्हाला पडला.

पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी बाई घरी आल्या आणि माझ्याशी बोलण्याआधी आईजवळ बसल्या. "काकू, तुम्हाला कुठं जावंसं वाटतंय?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मला जाणवले की आम्ही मुले तिला केवळ "चालेल ना?" एवढेच विचारत आलो होतो. आई म्हणाली, किल्ला. त्याच संध्याकाळी बाई स्वतः किल्ल्यात जाऊन आल्या आणि गाडी कुठपर्यंत जाते, सावली कुठे आहे, पायऱ्या कुठे लागतात, हे सर्व त्यांनी फोनवर सांगितले. या सेवेला मी चांगले म्हणते ते प्रामुख्याने या पूर्वतयारीमुळे. चाकांची खुर्ची ढकलणारा माणूस कुठेही मिळतो.

किल्ल्याचा खंदक ओलांडून गाडी सरळ आत जाते, त्यामुळे कमल बस्तीच्या जवळपर्यंत आईला त्रास झाला नाही. रट्ट राजवटीत, 1204 मध्ये बांधलेल्या या जैन मंदिराच्या मंडपाच्या छतात दगडी कमळ आहे, आणि तेच आईला पुन्हा पाहायचे होते. परंतु पायऱ्या चढल्याशिवाय ते दिसत नाही. दोन तरुण खुर्ची उचलायला आपणहून पुढे आले. त्यांचा हेतू चांगलाच होता, तरीही बाईंनी त्यांना थांबवले, आईकडे पाहिले, आणि आईने मान हलवून नको म्हटल्यावर त्यांचे आभार मानून त्या एकट्याच वर गेल्या. कमळाचे फोटो काढून त्यांनी ते मोबाइलवर मोठे करून दाखवले. चार अनोळखी हातांवर उचलले जाण्यापेक्षा आईला ते बरे वाटले, आणि तो निर्णय तिचा तिने घेतला.

दुसरी फेरी घराजवळचीच, वीरसौध या स्मारकाची होती. 1924 च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन इथे भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन. त्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे. माझे आजोबा त्या वेळी लहान मुलगा होते, आणि त्यांनी सांगितलेल्या गर्दीच्या गोष्टी आईने बाईंना तासभर ऐकवल्या. घरात त्या आम्ही इतक्या वेळा ऐकल्या आहेत की आता कोणी पूर्ण ऐकून घेत नाही.

तिसऱ्या फेरीबद्दल मात्र तक्रार आहे. ठरलेल्या बाई आजारी पडल्या आणि सेवेने आम्हाला न कळवता दुसऱ्याच मुलीला पाठवले. तिला आईची सवय नव्हती, ती बहुतेक वेळ फोनवर होती, आणि आई त्या सकाळी चार तासांत पाण्याचा एक घोटही प्यायली नाही. बाहेर पडायचे म्हटले की आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या बायका पाणी सोडतात, कारण स्वच्छतागृहाचे कोणाला सांगायचे याचा त्यांना संकोच वाटतो. पहिल्या बाईंनी हे ओळखले होते. कमोड असलेले ठिकाण त्या आधीच हेरून ठेवत आणि तासाभराने, आईने काही म्हणण्याआधी, स्वतःच विषय काढत. संध्याकाळी आईचे डोके दुखले. सेवेच्या चालकांशी मी स्पष्ट बोलले. त्यांनी चूक मान्य केली आणि त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत.

ज्यांना अशी सेवा घ्यायची आहे त्यांनी रॅम्पची चौकशी नीट करावी. "रॅम्प आहे" हे उत्तर पुरेसे नसते. उताराचे मान्य प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे सहा इंचांच्या एका पायरीसाठी सहा फूट लांबीचा उतार हवा. दुकानांपुढे टेकवलेल्या दोन-अडीच फुटांच्या लोखंडी पत्र्यावरून खुर्ची चढवणे धोक्याचे असते. गणपत गल्ली आणि खडे बाजार तर आम्ही गर्दीमुळे सोडूनच दिले; बाईंनी कुंदा ही इथली दुधाची मिठाई आणली आणि आईने ती गाडीत बसून खाल्ली. बाईंना मराठी आणि कन्नड दोन्ही सहज येतात, याचाही इथे मोठा उपयोग होतो: आईशी गप्पा मराठीत, आणि रखवालदाराला फाटक उघडायची विनंती कन्नडमध्ये.

चौथ्या फेरीत कपिलेश्वराला गेलो, तेव्हा मीही बरोबर होते. आईने बाहेरूनच कळसाचे दर्शन घेतले. बाई आत जाऊन तीर्थ आणि अंगारा घेऊन आल्या आणि तो आईच्या कपाळाला लावताना त्यांनी आधी आपली चप्पल बाजूला काढून ठेवली.

गोकाकचा धबधबा पाहायची आईची इच्छा आहे. बाईंनी ती नाकारली नाही, पण जाऊन-येऊन इतका वेळ खुर्चीत आणि गाडीत बसणे तिच्या कमरेला झेपेल का, हे आधी त्याहून जवळच्या हिडकल धरणापर्यंतच्या प्रवासात पाहू, असे त्या म्हणाल्या. पाऊस उघडल्यावर ती फेरी ठरली आहे, आणि त्याच बाई येणार असतील तरच, असे मी सेवेकडून लिहून घेतले आहे.