सहा रविवार चाकावर: पुण्यातील एका कुंभारकाम कार्यशाळेविषयी

पुण्यातील एका लहानशा कार्यशाळेत सलग सहा रविवार जाऊन मी चाकावर भांडी घडवायला शिकलो. हा अभिप्राय मुख्यतः तेथील एका नियमासाठी लिहीत आहे. पहिल्या चार रविवारी घडलेले एकही भांडे ठेवता येत नाही. ते चाकावर असतानाच तारेने उभे कापायचे, दोन्ही अर्धी शिक्षिकाबाईंना दाखवायची आणि बादलीत टाकायची.

मी हौसेने जलरंगात चित्रे काढतो आणि महागडा कागद वाया जाईल या धास्तीने बहुतेक वेळा हात आखडताच घेतो, त्यामुळे हा नियम मला सुरुवातीला निव्वळ क्रूर वाटला. तिसऱ्या रविवारी एक वाडगा चांगला डौलदार उतरला होता. तो कापला तेव्हा दिसले की त्याची भिंत काठाशी पापडासारखी पातळ आणि बुडाशी अंगठ्याएवढी जाड होती. बाहेरून यातले काहीच कळत नव्हते. त्यानंतर मात्र, हे टिकणारच नाही असे मनाने एकदा मान्य केल्यावर, वाडगा कसा दिसतो याकडे माझे लक्ष जाईनासे झाले आणि आतले बोट व बाहेरचे बोट यांच्यामध्ये माती किती उरली आहे, एवढेच कळू लागले. बादलीतली माती वायाही जात नाही. कच्ची माती भिजवून पुन्हा मळता येते. भट्टीत साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की ती पाण्यात विरघळणे कायमचे संपते. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने कच्चे मडके ओळखल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. येथे मात्र मडके कच्चे असण्यातच सारी सोय आहे.

पाचव्या रविवारी 'आता दोन भांडी भाजायची आहेत' असे सांगितले गेले आणि माझा हात पुन्हा आखडला. लागोपाठ चार गोळे मध्यावरून सरकले. शिवाय वाळताना आणि भाजताना मिळून ही माती उंची-रुंदीत प्रत्येकी दहा-बारा टक्के आकसते, हे कोणी आधी सांगितले नाही. सकाळच्या चहासाठी मापून केलेल्या पेल्यात आता जेमतेम दोन-तृतीयांश चहा मावतो, म्हणून त्यात मी रंगाचे ब्रश ठेवले आहेत. दहा जणांत पाच चाके असल्याने निम्मा वेळ वाट पाहण्यात जातो आणि भाजणावळ वेगळी द्यावी लागते, हेही नाव घालण्यापूर्वी विचारून घ्यावे.

शिक्षिकाबाई कमी बोलतात, पण कोपर मांडीला टेकवायला त्या नेमक्या क्षणी सांगतात. पुढच्या तुकडीत फक्त पहिल्या चार रविवारांपुरते नाव घालता येईल का, असे मी त्यांना विचारून ठेवले आहे.