घोड्यांच्या रेसच्या टिप्स देणाऱ्या सर्व्हिसचा एक महिना वापरून लिहिलेला रिव्ह्यू (५ पैकी १ स्टार)

नाव लिहीत नाही, कारण अशा चार-पाच सर्व्हिसेस आहेत आणि सगळ्यांची जाहिरात साधारण एकच, "महालक्ष्मीच्या प्रत्येक रेसची टीप, ८२ टक्के सक्सेस". मी एक महिन्याचे पैसे भरले, ४० टिप्स आल्या आणि प्रत्येक टीप, तिचा भाव, घोडा कितवा आला हे सगळं वहीत लिहून ठेवलं, कारण मला खरंच बघायचं होतं की हे लोक सक्सेस म्हणतात ते नक्की कशाला.

आधी माझं सांगतो. आम्ही करी रोडचे, माझे मामा मिलमध्ये होते आणि रविवारी चालत महालक्ष्मीच्या रेसकोर्सला जायचे, लहानपणी मलाही न्यायचे. ते पैसे फार कमी लावायचे, पण घोडे बघायला रेसच्या आधी पॅडॉकजवळ, म्हणजे घोडे फिरवून दाखवतात त्या जागेजवळ, जाऊन उभे राहायचेच आणि प्रत्येक घोड्यापुढे पेन्सिलीने एक आकडा लिहायचे, म्हणजे हा घोडा आज कितवा यायला पाहिजे. रेस झाल्यावर बाजूला दुसरा आकडा, खरा कितवा आला तो. सातवा धरलेला घोडा तिसरा आला की मामा पहिल्या आलेल्यापेक्षा त्याच्यावर जास्त खूश. मला तेव्हा कळायचं नाही, हरलेल्या घोड्याचं एवढं काय कौतुक.

आता वहीतला हिशोब. ४० पैकी जिंकले १५. मग ८२ टक्के आले कुठून? पहिल्या तिनात आलेले सगळे धरले की ३३ होतात, आणि ४० पैकी ३३ म्हणजे साडेब्याऐंशी टक्के. पण टीप पाठवताना मेसेजमध्ये "विन" लिहायचं आणि महिनाअखेरीला मोजताना तिसरा आलेलाही जमेत धरायचा, हे मला अजिबात पटलेलं नाही. त्यातही पाच-सहा घोड्यांच्या छोट्या रेसमध्ये प्लेसचे, म्हणजे घोडा पहिल्या काहींत येईल यावर लावलेले, पैसे पहिल्या दोघांवरच मिळतात, तिथे तिसऱ्या घोड्यावर प्लेस लावली असती तरी हातात काहीच नाही.

आणि जे १५ जिंकले त्यांचा सरासरी भाव ८० पैसे, म्हणजे शंभर लावले तर वर ८० मिळणार. प्रत्येक टिपेवर शंभर धरले तर १५ वेळा ८० म्हणजे १२०० आले आणि २५ वेळा १०० म्हणजे २५०० गेले, १३०० रुपये खड्ड्यात, आणि हे टॅक्स न धरता. टॅक्सबद्दल तर यांच्या एकाही मेसेजमध्ये अक्षर नाही. आधी २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झालाय, आणि तो जिंकलेल्या पैशावर नाही तर लावलेल्या पूर्ण पैशावर बसतो. अशा वेळी कमी भावाचे घोडे सांगणाऱ्याने हे तरी सांगायलाच पाहिजे होतं.

उलटं बघा, कोणी २० घोडे सांगितले, सगळे सहास एक भावाचे, म्हणजे शंभरला वर ६०० देणारे, आणि त्यातले फक्त चारच जिंकले तर सक्सेस २० टक्केच दिसेल, जाहिरातीत टाकायला लाज वाटेल असा आकडा, पण चार वेळा ६०० म्हणजे २४०० आले, १६ वेळा १०० गेले म्हणजे १६००, टॅक्सच्या आधी ८०० वर. म्हणजे भाव लपवून नुसती टक्केवारी सांगितली तर तिच्यावरून काहीच ठरत नाही. भाव म्हणजे सगळ्या पब्लिकची अपेक्षाच असते, त्या अपेक्षेपेक्षा घोडा बरा धावला की वाईट, तेवढंच बघायचं असतं. यांच्या बहुतेक टिप्स तर बोर्डावरचा फेव्हरिटच, म्हणजे सगळ्यात कमी भावाचा घोडा, होता, तो तिथे गेलं की फुकट दिसतो.

मला सगळ्यात जास्त राग हँडिकॅप रेसच्या टिपांचा आला. हँडिकॅपमध्ये चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकतात ते सगळे घोडे शेवटी एका रेषेत यावेत म्हणूनच ना? मग ६० किलो घेऊन धावलेला घोडा अर्ध्या लेंथने, म्हणजे घोड्याच्या अर्ध्या लांबीने मागे, तिसरा आला आणि ५२ किलोवाला जिंकला, तर पुढच्या वेळी लक्ष कोणावर ठेवायचं हे टीप देणाऱ्याने समजावलं पाहिजे. यांनी त्या घोड्यापुढे नुसती लाल फुली मारून पाठवली. लांब पल्ल्याच्या ब्रीडिंगचा घोडा पहिल्याच रेसला १००० मीटर धावून पाचवा आला तरी तसंच, लाल फुली. ट्रेनरच्या डोक्यात कदाचित २४०० मीटरची डर्बी ही मोठी रेस असेल, त्या दिवशी त्याला घोडा शेवटच्या दोनशे मीटरला कसा ओढतोय एवढंच बघायचं असेल.

या फुल्यांच्या हिशोबाने अमेरिकेची झेन्याटा २०१० च्या ब्रीडर्स कप क्लासिक या तिथल्या मोठ्या रेसमध्ये फेलच. आधीच्या १९ च्या १९ रेस जिंकलेली घोडी, त्या दिवशी अगदी मागे पडली आणि तिथून सगळ्यांना कापत आली, हरली ती फक्त एका डोक्याच्या अंतराने. आणि जपानची हारू उरारा, ११३ रेस धावली आणि एकही जिंकली नाही. २००४ मध्ये युताका ताके हा तिथला सगळ्यात मोठा जॉकी तिच्यावर बसला तरी ११ पैकी दहावी आली, आणि तरी लोक तिचं तिकीट नशिबाचं म्हणून जपून ठेवायचे. तिच्याकडून जिंकायची अपेक्षाच नव्हती, ती दर वेळी धावते याचंच लोकांना प्रेम होतं. मामांना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलंय आणि मी ते मनापासून मानतो, म्हणून तर वाईट वाटतं. नवीन पोरं या टिपांवरच थांबतात, पॅडॉककडे फिरकत नाहीत, रेसच्या पुस्तकात वजन आणि डिस्टन्स बघत नाहीत, आणि फेव्हरिट हरला की जॉकीला शिव्या देतात.

एक स्टार दिलाय तो मेसेज वेळेवर येतात म्हणून, रेसच्या अर्धा तास आधी हमखास. बाकी मी कस्टमर केअरला लिहिलंय की प्रत्येक टिपेसोबत तेव्हाचा भाव आणि वेळ टाका, विन आणि प्लेसचा हिशोब वेगळा दाखवा, आणि हरलेल्या घोड्याबद्दल दोन ओळी तरी लिहा. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. आलं आणि खरंच बदल केला तर मी हा रिव्ह्यू बदलीन.