बाल्डर्स गेट ३ : दुसऱ्या खेपेला चौघंही बार्ड

बाल्डर्स गेट ३ हा चार जणांची पार्टी घेऊन, फासे टाकत खेळायचा जादू-तलवारींचा व्हिडिओ गेम. पहिल्यांदा तो बहुतेक सगळे एकसारखाच खेळतात. एक तलवारवाली, एक जखमा भरणारी, एक कुलपं उघडणारा, एक लांबून आगीचे गोळे टाकणारा. म्हणजे लेझेल, शॅडोहार्ट, अ‍ॅस्टेरियन, गेल. चांगलीच पार्टी आहे, गेम संपवून देते. पण तो संपल्यावर "आता काय?" म्हणत जे नवीन काहीतरी विकत घ्यायला निघालेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. थांबा जरा. हाच परत काढा, आणि या वेळी ताकद बघून नाही, गंमत बघून माणसं निवडा.

आधी व्यवहाराचं बोलू, कारण पुण्यात तो प्रश्न पहिला येतो. गेम ऑगस्ट २०२३ मध्ये पीसीवर आला, पुढच्या महिन्यात पीएस ५ वर. स्टीमवर पूर्ण किंमत २,९९९ रुपये, सेलमध्ये खाली येते. एवढे पैसे एका गेमला जास्त वाटतात, पण त्यानंतर जे जे आलं त्याला वेगळा रुपया लागलेला नाही. मूळ १२ क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे, आणि त्यांचे ४६ सबक्लास होते. एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचमध्ये, म्हणजे अपडेटमध्ये, प्रत्येक क्लासला एकेक नवीन सबक्लास फुकट मिळाला. म्हणजे ५८. ज्यांनी २०२३ मध्ये खेळून अनइन्स्टॉल केला, त्यांच्या मूळ किमतीतच हे सगळं बसलेलं आहे.

आणि मग आजोबा. गेममधलं नाव विदर्स. हा वाळलेला मुडदा पहिल्या अंकात पडक्या देवळाखालच्या भुयारात शवपेटीत झोपलेला असतो. त्याला उठवलंत की तुमच्या तळावर मुक्कामाला येतो, आणि १०० सोन्याच्या नाण्यांत कुणाचाही क्लास, आकडे, सगळं पहिल्यापासून बदलून देतो. वंश तेवढा बदलत नाही. आमच्या घरी त्याला आजोबाच म्हणतात, कारण माझा धाकटा भाऊ दर दोन लढायांनंतर "ताई, आजोबांकडे जाऊन येतो" म्हणतो. दिलेली नाणी त्यांच्याच खिशातून परत मारता येतात, हे त्याने मला फार अभिमानाने सांगितलं. संस्कार कमी पडले.

विदर्समुळेच दुसरी खेप गमतीची होते. वाटलं तर मोडा, परत बांधा. लेव्हल १२ वर पात्रांची वाढ थांबते, त्यामुळे एखादा प्रयोग फसला तरी फार काळ पाय ओढत न्यावा लागत नाही.

आता मुख्य शिफारस : चारही जण बार्ड करा. बार्ड म्हणजे गाण्याच्या आणि जिभेच्या जोरावर लढणारा कलावंत.

मी कॉलेजात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला लाइट्स केलेत. भरत नाट्य मंदिरात विंगेत उभं राहून एक गोष्ट कळते, की ज्या नटाला जी भूमिका शोभत नाही ती दिली की कधीकधी एकांकिका उचलली जाते. लेझेलला बार्ड केलं तेव्हा तेच झालं. ही गिथ्यांकी वंशाची बाई, आयुष्यात कधी हसलेली नाही, "तुम्ही सगळे दुबळे आहात" असा चेहरा, आणि हातात व्हायोलिन. चेहरा तोच राहतो! वाजवताना सुद्धा ती आपल्यावर उपकार करतेय असंच वाटतं. गेल बार्ड झाला तरी त्याचे संवाद जादूगाराचेच असतात. जादूच्या देवीने आपल्याला कसं सोडलं याचं रडगाणं चालूच, फरक इतकाच की आता पाठीला वीणेसारखं काहीतरी अडकवलेलं असतं. त्यामुळे ते दुःख जास्त खरं वाटतं, देवाशपथ.

पण हे नुसतं नाटक नाही, हिशेबानेही चालतं, आणि ते कसं हे नीट सांगते. रात्रीच्या मोठ्या विश्रांतीच्या आधी पार्टीला दोन छोट्या विश्रांती मिळतात. लेव्हल २ ला प्रत्येक बार्डला एक गाणं मिळतं, ते म्हटलं की सगळ्या पार्टीला आणखी एक छोटी विश्रांती घेतल्यासारखं होतं. चार बार्ड, चार गाणी, म्हणजे दोनाच्या सहा झाल्या. बार्डिक इन्स्पिरेशन म्हणजे साथीदाराच्या फाशात भर घालायची बार्डची शक्ती, मोजक्या वेळा वापरता येणारी. लेव्हल ५ पासून ती छोट्या विश्रांतीत परत भरते. आता कॉलेज ऑफ स्वोर्ड्स या सबक्लासचा बार्ड घ्या. त्याचे धनुष्याचे जे नखरेबाज वार आहेत, एका दमात दोन शत्रूंवर बाण वगैरे, ते सगळे या इन्स्पिरेशनवरच चालतात. इतर पार्टीत तो दोन लढायांत कोरडा पडतो. इथे तो दिवसभर उधळतो आणि संपतच नाही.

बाकीच्या तिघांचे सबक्लास असे : एक लोअर, म्हणजे शत्रूचा फासा पडत असतानाच शब्दाने त्याचा आकडा खाली आणणारा. लेव्हल ६ ला तो दुसऱ्या क्लासचे दोन मंत्र उचलू शकतो, त्यात फायरबॉल घ्या, कारण चार बार्डांची खरी उणीव घाऊक नुकसानीची आहे. एक व्हॅलर, ढाल घेऊन पुढे उभा राहायला. आणि चौथा ग्लॅमर, हा आठव्या पॅचमधला नवीन. आपल्या माणसांना थोडं तात्पुरतं आयुष्य देतो, आणि ते असेपर्यंत त्यांच्यावर हात टाकणारा शत्रू स्वतःच मोहात पडू शकतो. जखमा भरायचा छोटा मंत्र चौघांनाही येतो, त्यामुळे जखमा भरणारा पुजारी, म्हणजे क्लेरिक, नाही म्हणून रडायचं कारण नाही.

शिवाय टोमणे. बार्डचा एक साधा मंत्र आहे, त्यात समोरच्याला घालून पाडून बोलायचं आणि त्या अपमानाने त्याला खरंखुरं लागतं, वर त्याचा पुढचा वारही बिथरतो. समोरचा गॉब्लिन, म्हणजे बुटका राक्षस, आधीच मरायला टेकलेला असला की तो अपमानानेच जातो. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला हा क्लास शिकवावा लागत नाही, असं माझ्या सासूबाईंचं मत पडलं. त्या मागे बसून भाजी निवडत बघत होत्या, आणि त्या स्वतः सदाशिव पेठेतल्याच.

पण बार्ड पार्टी खरी वसूल होते दुसऱ्या अंकात. (इथून पुढचे दोन परिच्छेद, ज्यांनी गेम एकदाही संपवलेला नाही त्यांनी सोडा.)

शापित अंधाराच्या त्या मुलखात थॉर्म घराण्याची तीन भुतावळ माणसं आहेत : टोल गोळा करणारी, दवाखाना चालवणारा आणि दारू गाळणारा. पहिल्या खेपेला आम्ही तिघांशीही मारामारी केली, तुम्हीही केली असेल. बार्डांनी तिघांनाही बोलून संपवता येतं. दारूवाला थिसोबाल्ड बघण्यासारखा आहे. पडक्या भट्टीत हा फुगलेला, पोटात द्रव डचमळणारा प्राणी काउंटरमागे उभा असतो आणि म्हणतो, पी आणि गोष्ट सांग. प्रत्येक पेल्याला फासा. पोटात जिरवायचं, नाहीतर हातचलाखी करून त्याच्या नकळत ओतून टाकायचं, आणि तोंडाने गोष्ट रंगवत राहायची. तो ऐकत ऐकत स्वतः पीत जातो, पीत जातो, आणि शेवटी फुटतो. एक तलवार उपसली नाही. आमच्याकडे तेव्हा घरात पुरुषोत्तमसारखं "आव्वाज कुणाचा" झालं आणि खालच्या मजल्यावरून फोन आला.

आकडा कसा जमतो तेही बघा. लेव्हल ६ च्या आसपास करिश्मा, म्हणजे बोलण्याची छाप, १८ असेल तर फाशात ४ ची भर, प्रावीण्याचे ३, त्या कौशल्यात एक्स्पर्टीज घेतली असेल तर आणखी ३. फासा पडायच्या आधीच हातात १०. वर मागच्या तिघांपैकी कुणीतरी इन्स्पिरेशन देऊन ठेवलेलं असतं, ते संवादातही वापरता येतं. पुढे शार या देवीच्या देवळातला युर्गिर हा सैतान आहे, त्याला तर आधी त्याचेच सैनिक, मग पाळलेलं जनावर आणि शेवटी तो स्वतः, असं ओळीने पटवता येतं. ही लढाई नेहमीच्या पार्टीला घाम फोडते. बोलणारा हाफलिंग वंशाचा घेतलात तर अजून मजा, कारण फाशावर १ पडला की त्याला तो परत टाकायला मिळतो, आणि या गेममध्ये संवादात १ म्हणजे कितीही बेरीज असली तरी नापास.

एक सूचना. बार्ड पार्टी करायची असेल तर मुख्य पात्र म्हणून गेममधलं डार्क अर्ज हे तयार पात्र घेऊ नका. का, ते पहिल्या अंकातच एका रात्री कळेल.

बार्ड ज्यांना फारच सुसंस्कृत वाटतात त्यांच्यासाठी फेकाफेकी. कार्लाक ही सोबतीण मुळातच बार्बेरियन, म्हणजे रानटी लढवय्यी आहे. तिला लेव्हल ३ ला बर्सर्कर करा, ४ ला टॅव्हर्न ब्रॉलर हे फीट, म्हणजे खास कसब, द्या. त्याने फेकण्याच्या वारात ताकदीचा बोनस दुप्पट धरला जातो, नेमालाही आणि नुकसानीलाही. मग भाला फेका, खुर्ची फेका, एक गॉब्लिन उचलून दुसऱ्या गॉब्लिनवर फेका. फेकल्यावर हातात परत येणारा भाला गॉब्लिनांच्या छावणीत ग्रॅट नावाचा व्यापारी विकतो. त्यामुळे छावणीत कत्तल करायच्या आधी खरेदी आटपून घ्या. भाऊ या पार्टीवर खूष आहे. मला दुसऱ्या अंकापर्यंत कंटाळा येतो, प्रत्येक लढाईचं उत्तर एकच.

विजेची जोडी त्यापेक्षा बरी, कारण तिच्यात तयारी लागते. ओल्या शत्रूला वीज दुप्पट लागते. शॅडोहार्ट मुळातच क्लेरिक आहे, तिच्याकडून मंत्राने पाणी ओतवून घ्यायचं, आणि दुसरं पात्र आजोबांकडे नेऊन टेम्पेस्ट क्लेरिकचे २ लेव्हल व स्टॉर्म सॉर्सरर या जादूगाराचे ५ असं बांधायचं. टेम्पेस्टच्या शक्तीने विजेचं नुकसान फासे न टाकता कमाल धरता येतं. लाइटनिंग बोल्टचे सहा पैलूंचे आठ फासे, कमाल ४८, ओल्यावर ९६. लेव्हल ७ ला! फक्त त्या पाण्याच्या डबक्यात आपलं कुणी उभं नाही ना, ते बघा.

भाड्याने मिळणारी माणसंही आजोबा देतात, पण पार्टी त्यांनी भरू नका. त्यांना स्वतःची गोष्ट नाही, तळावर गप्पा नाहीत, आणि दुसऱ्या खेपेला गप्पाच तर ऐकायच्या असतात. वॉरलॉक आणि फायटर मिसळून तीन तीन वार काढणारी ती प्रसिद्ध युक्ती ऑनर मोडमध्ये चालत नाही, तिथे दोनच वार मिळतात. ऑनर मोड म्हणजे एकच सेव्ह, आणि पार्टी मेली की संपलं. जिंकलात तर सोनेरी फासे मिळतात. गंमतीच्या पार्ट्यांना तो मोड हवाच असं नाही, बॅलन्स्ड या मधल्या अवघडपणावर खेळा.

त्रुटी आहेत, आणि दुसऱ्या खेपेला जास्त टोचतात. सामानाची यादी म्हणजे छळ आहे, चौघांच्या पिशव्यांत दोर, काटेचमचे आणि सडकी फळं शोधण्यात संध्याकाळ जाते. पहिले चार लेव्हल बार्ड पार्टी फार नाजूक असते, तेवढं सोसावं लागतं. तिसऱ्या अंकातलं शहर साध्या लॅपटॉपला जड जातं. गेमला १५० जीबी जागा आणि एसएसडी हवीच. जुन्या हार्डडिस्कवर नादी लागू नका.

दोघं असाल तर एकाच टीव्हीवर स्क्रीन अर्धी अर्धी करून खेळता येतं. आठव्या पॅचपासून पीसीवाले आणि पीएस ५ वाले एकत्र बसू शकतात. त्यामुळे बावधनची माझी मैत्रीण तिच्या पीसीवरून, आणि आम्ही बहीण-भाऊ कर्वेनगरातून. शनिवारी रात्री कर्वे रोड ओलांडून कुणी कुणाकडे जायचं हा वाद मिटला.

आता मैत्रिणीला चौघंही ड्रुइड हवेत, सगळ्यांनी एकदम अस्वलं व्हायचं म्हणे. भाऊ तयार आहे. मी म्हटलंय, चालेल, पण एकाने माणूस राहून दारं उघडायची, आणि तो मी नाही.